रचनेचे व्याकरण आणि श्रवणाचे व्याकरण : फ्रेड लेर्डाल ह्यांच्या कार्याचा एक विचार

१

विद्यापीठात संगीतशास्त्र शिकवणारा संगीतरचनाकार हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन संगीतजीवनाचा एक ठळक विशेष होय. बाखला लाइपझिगच्या चर्चने पोसले, हायडनला एस्टरहाझी घराण्याने. त्यांच्या रचना कोणी तरी ठराविक दिवशी, ठराविक प्रसंगी ऐकणार होते, आणि ऐकणाऱ्याची नापसंती ही रचनाकाराला परवडणारी गोष्ट नव्हती. पुढे आश्रयदात्याची जागा तिकीट काढून येणाऱ्या श्रोतृवर्गाने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हीच जागा पुष्कळ अंशी विद्यापीठांकडे आली. विद्यापीठाने रचनाकाराला पगार दिला, ग्रंथालय दिले, शिष्य दिले. त्याने मागितले ते एवढेच की, आपण काय करतो ह्याचे शास्त्रशुद्ध विवेचन त्याने करावे. ह्या व्यवहारात एक पक्ष मात्र नकळत वगळला गेला. तो म्हणजे श्रोता.

ह्या परिस्थितीत वाढलेल्या रचनाकारांपैकी फ्रेड लेर्डाल ह्यांचे कार्य दोन कारणांनी विचारात घेण्यासारखे आहे. पहिले असे की, सैद्धान्तिक म्हणून त्यांनी मिळवलेली मान्यता फार मोठी आहे. संगीताच्या आकलनाविषयी गेल्या चार दशकांत जे संशोधन झाले त्यात त्यांच्या ग्रंथांचा उल्लेख टाळून पुढे जाणे कठीण आहे. दुसरे कारण असे की, ज्या विद्यापीठीय वातावरणात श्रोता अनावश्यक ठरला, त्याच वातावरणात राहून त्यांनी श्रोत्याला आपल्या सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी आणले. तथापि त्यांच्याविषयी लिहिताना समीक्षक बहुधा दोन खाती मांडतात : एका खात्यात ग्रंथ, दुसऱ्यात रचना. पहिल्या खात्यावर कीर्ती जमा होते, दुसऱ्यावर आदर. ही विभागणी चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. लेर्डाल ह्यांच्या रचना म्हणजे त्यांच्या सिद्धान्ताची उदाहरणे नव्हेत. सिद्धान्ताला जे सिद्ध करता आले नाही ते त्यांच्या उत्तम रचना प्रत्यक्ष घडवून दाखवतात. हे कसे, ते पाहण्यासाठी प्रथम त्यांच्या जडणघडणीकडे आणि सिद्धान्ताकडे वळले पाहिजे.

२

लेर्डाल ह्यांचा जन्म १९४३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे झाला. लॉरेन्स विद्यापीठातून १९६५ साली पदवी घेतल्यावर ते प्रिन्स्टन येथे गेले आणि १९६७ साली तेथील शिक्षण पूर्ण केले. पुढे बर्कली, हार्वर्ड, कोलंबिया आणि मिशिगन ह्या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. १९९१ पासून २०१८ पर्यंत ते कोलंबिया विद्यापीठात रचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे विद्यार्थिदशा धरून त्यांचे जवळजवळ सारे आयुष्य विद्यापीठाच्या आवारात गेले.

ह्या आयुष्यातील निर्णायक स्थळ प्रिन्स्टन होय. तेथे मिल्टन बॅबिट ह्यांचे वर्चस्व होते. बॅबिट हे संगीतकार आणि गणिताचे जाणकार. शोनबर्गच्या बारास्वरी पद्धतीत सप्तकातील बाराही स्वरांचा एक क्रम आधी ठरवून घ्यावयाचा आणि साऱ्या रचनेचे स्वर त्या क्रमातून काढावयाचे, असा दंडक असतो. बॅबिट ह्यांनी हा दंडक स्वरांपुरता न ठेवता कालमानालाही लावला आणि पद्धतीचे तर्कशास्त्र कमालीचे काटेकोर केले. १९५८ साली त्यांनी लिहिलेला एक लेख पुष्कळ गाजला. संपादकाने त्याला दिलेल्या मथळ्याचा भाव, तुम्ही ऐकता की नाही ह्याची पर्वा कोणाला, असा होता. बॅबिट ह्यांनी स्वतः योजलेला मथळा बराच सौम्य होता. परंतु प्रतिपादन सौम्य नव्हते. प्रगत गणित सामान्य माणसाला कळत नाही म्हणून कोणी गणितज्ञाला दोष देत नाही, मग प्रगत संगीत कळत नाही म्हणून संगीतकाराला का द्यावा? त्याने सार्वजनिक सभागृहातून माघार घ्यावी आणि विद्यापीठाने त्याला आसरा द्यावा, असा त्याचा आशय होता.

हे प्रतिपादन उथळ म्हणून झटकून टाकता येत नाही. विशेषज्ञाचे स्वातंत्र्य हे विद्यापीठाचे खरे मूल्य आहे. परंतु गणित आणि संगीत ह्यांच्यातील साम्य एका ठिकाणी संपते. गणिताचा सिद्धान्त खरा ठरण्यासाठी तो कोणी अनुभवावा लागत नाही, सिद्ध करावा लागतो. संगीताची रचना मात्र कोणाच्या तरी कानात घडल्यावाचून रचनाच होत नाही. ह्या पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या लेर्डाल ह्यांना पुढे जो प्रश्न पडला तो नेमका ह्याच ठिकाणचा आहे : रचनाकाराने ज्या नियमांनी स्वर मांडले, त्या नियमांचा ऐकणाऱ्याच्या मनातील नियमांशी काही संबंध असतो काय? आणि ऐकणाऱ्याच्या मनात नियम असतात तरी कोणते?

३

१९७३ साली लेनर्ड बर्नस्टाइन ह्यांनी हार्वर्ड येथे जी व्याख्याने दिली, त्यांत नोम चॉम्स्की ह्यांच्या भाषाशास्त्राचा आधार घेऊन संगीताचे व्याकरण शोधण्याची कल्पना त्यांनी मांडली. बर्नस्टाइन ह्यांची मांडणी उत्साही होती, परंतु भाषाशास्त्राच्या संज्ञा संगीतावर जशाच्या तशा बसवण्याचा दोष तीत होता. ह्या व्याख्यानांमुळे जागृत झालेल्या कुतूहलातून १९७४ साली एमआयटी ह्या संस्थेत अध्यापकांचे एक चर्चासत्र सुरू झाले. त्यात हार्वर्डमध्ये अध्यापन करणारे लेर्डाल आणि चॉम्स्की ह्यांचे शिष्य, स्वतः क्लॅरिनेट वाजवणारे भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेन्डॉफ एकत्र आले. जवळजवळ नऊ वर्षांच्या सहकार्यानंतर १९८३ साली त्यांचा 'अ जनरेटिव्ह थिअरी ऑफ टोनल म्युझिक' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ह्या ग्रंथाचा विषय रचना कशी करावी हा नाही. अभ्यस्त श्रोता ऐकलेल्या स्वरांना नकळत कोणती रचना बहाल करतो, हा आहे. विवेचनासाठी आधारस्वराला बांधलेले अभिजात युरोपीय संगीत घेतले आहे. बाखचे एक समूहगान, मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा आरंभ, त्याच्याच एका पियानो सोनाटाचा आरंभ, अशी उदाहरणे पुनःपुन्हा येतात. ग्रंथकार श्रवणाची चार अंगे मानतात. पहिले अंग गटांचे. आपण स्वरांची रांग अखंड ऐकत नाही, तिचे पद, वाक्य, परिच्छेद असे तुकडे पाडून ऐकतो. दुसरे अंग मात्रांच्या बलाबलाचे. तिसऱ्या आणि चौथ्या अंगांत कोणता स्वर मुख्य आणि कोणता त्याचा अलंकार, कोठे ताण वाढतो आणि कोठे विसावा मिळतो, ह्यांचा विचार येतो. शाळेत आपण वाक्यपृथक्करण करतो तेव्हा विशेषणे आणि क्रियाविशेषणे बाजूस काढून कर्ता आणि क्रियापद ह्यांचा सांगाडा उरवतो. तसाच स्वरवाक्याचा सांगाडा येथे पायरीपायरीने उरवला जातो. अखेर सारी रचना दोन-तीन स्वरसंघातांवर येऊन ठेपते.

ह्या मांडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट नियमांच्या स्वरूपाची आहे. भाषेचे व्याकरण वाक्य शुद्ध की अशुद्ध ते सांगते. संगीतात असा निवाडा क्वचितच शक्य होतो. तेथे एकाच स्वरावलीची अनेक आकलने संभवतात आणि कान त्यांतले एक अधिक पसंत करतो. म्हणून ग्रंथकारांनी सुघटिततेच्या नियमांच्या जोडीला पसंतीचे नियम कल्पिले. हे नियम एकमेकांशी सहमत झाले म्हणजे आकलन निश्चित होते, त्यांच्यात विरोध आला म्हणजे संदिग्धता जाणवते. संदिग्धता हा संगीतातील रसाचा एक उगम असल्याने ही तरतूद केवळ तांत्रिक नाही. बर्नस्टाइन ह्यांच्या कल्पनेत नव्हती ती स्वायत्तता येथे दिसते. व्याकरणाची कल्पना भाषेकडून घेतली, पण व्याकरणाचा आशय संगीतातूनच शोधला.

४

सिद्धान्ताची धार रचनाकाराकडे वळली ती १९८८ सालच्या एका निबंधात. रचनापद्धतींवर आकलनशक्तीने घातलेली बंधने हा त्याचा विषय. निबंधाची सुरुवात पिएर बुलेझ ह्यांच्या 'ल मार्तो सां मेत्र' ह्या रचनेने होते. १९५५ साली पूर्ण झालेली ही रचना युद्धोत्तर संगीताची श्रेष्ठ कृती म्हणून गाजली. ती स्वरक्रमाच्या कोणत्या तरी कठोर पद्धतीने बांधली आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण ती पद्धती नेमकी कोणती हे दोन दशके तज्ज्ञांनाही उलगडले नाही. लेव कोब्ल्याकोव ह्यांनी १९७७ च्या सुमारास तो उलगडा केला. लेर्डाल विचारतात : ज्या रचनेचा पाया शोधण्यास तज्ज्ञांना कागदावर इतकी वर्षे लागतात, तो पाया ऐकणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वात तरी आहे काय?

येथे ते दोन व्याकरणांत भेद करतात. एक रचनेचे व्याकरण, ज्याच्या योगाने रचनाकार स्वरांची मांडणी करतो. दुसरे श्रवणाचे व्याकरण, ज्याच्या योगाने श्रोता त्या स्वरांना अर्थ देतो. जुन्या परंपरांत पहिले व्याकरण दुसऱ्याच्या पोटातूनच निघालेले असते. म्हणून ते सहज असते. परंपरा तुटली म्हणजे रचनाकाराला स्वतःचे व्याकरण निर्माण करावे लागते आणि ते कृत्रिम होण्याचा संभव असतो. कृत्रिम व्याकरण श्रवणाशी जुळावे म्हणून लेर्डाल सतरा बंधने सांगतात. घटना एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या करता आल्या पाहिजेत, त्यांचे गट पडले पाहिजेत, लहानमोठ्या महत्त्वाची उतरंड जाणवली पाहिजे, स्वरांच्या अंतरांना आणि स्थैर्याला काही आधार हवा, अशा प्रकारची ती आहेत. त्यांनी आणखी एक भेद केला आहे. गुंतागुंत निराळी आणि समृद्ध संमिश्रता निराळी. पहिलीत तपशिलांची नुसती गर्दी असते, दुसरीत तपशील मनाला पायऱ्यापायऱ्यांनी सामावून घेता येतात.

हा निबंध पुष्कळांना झोंबला आणि ते स्वाभाविक होते. एका पिढीच्या श्रमांवर तो निकाल देऊ पाहतो, असा त्याचा सूर लागला. पण निबंधातील एक सूक्ष्म जागा विरोधकांच्या, तशीच समर्थकांच्याही, नजरेतून सुटते. बुलेझ ह्यांची रचना निःसत्त्व आहे, असे लेर्डाल म्हणत नाहीत. ते म्हणतात की, पद्धतीने बुलेझ ह्यांना केवळ सामग्री पुरवली आणि त्या सामग्रीला घाट देताना त्यांनी स्वतःच्या कानाचा कौल घेतला. त्या क्षणी रचनाकार हा स्वतःच एक श्रोता झाला. श्रोत्याला रचनेत जे काही पकडता येते ते ह्या दुसऱ्या, न सांगितलेल्या कामामुळे. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु ते मान्य केले की निबंधाचा निकाल काहीसा सैल होतो. कृत्रिम व्याकरणातूनही जर कानाच्या देखरेखीखाली सकस कृती निपजू शकते, तर मग बंधने ही कृतीची कसोटी न राहता फक्त पद्धतीची कसोटी राहतात. आणि आपण सभागृहात पद्धती ऐकत नाही, कृती ऐकतो.

५

सिद्धान्ताविषयी दोन मूलभूत शंका घेता येतात. पहिली त्याच्या सार्वत्रिकतेची. ग्रंथकारांनी काही नियम मानवी मनाचे आणि काही विशिष्ट संगीतपरंपरेचे, असा भेद सुरुवातीलाच केला आहे. मात्रांची अंतरे समान असावीत आणि प्रबळ मात्रा दोन किंवा तीन मात्रांच्या अंतराने याव्यात, हे दंडक त्यांनी अभिजात युरोपीय परंपरेपुरते मानले. हा भेद किती आवश्यक आहे, हे तालाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला सहज पटेल. रूपकाचे तीन-दोन-दोन आणि झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन हे विभाग विषम आहेत, तरीही त्यांची चौकट डळमळीत वाटत नाही. मार्टिन क्लेटन ह्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानी संगीतातील कालविचारावरील ग्रंथात लेर्डाल-जॅकेन्डॉफ ह्यांच्या मात्राविचाराची आपल्या तालाच्या संदर्भात छाननी केली आहे, ती ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

स्वरांच्या बाबतीत हा संबंध अधिक जवळचा आहे. लेर्डाल ह्यांचा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ 'टोनल पिच स्पेस' २००१ साली निघाला. त्यात स्वरांच्या स्थैर्याची एक उतरंड कल्पिली आहे. सर्वांत वर एकटा आधारस्वर, त्याखाली त्याच्या जोडीला पंचम, मग मुख्य स्वरसंघाताचे तीन स्वर, मग सप्तकाचे सात आणि तळाशी बाराही स्वर. ह्या कल्पनेमागे मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रमहान्सल ह्यांच्या प्रयोगांचा आधार आहे. त्याच क्रमहान्सल ह्यांनी कॅस्टेलानो आणि भरुचा ह्यांच्यासह १९८४ साली उत्तर भारतीय रागांवर प्रयोग केले होते. त्यांत भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांनी षड्ज आणि पंचम ह्यांना सर्वाधिक स्थिर मानले आणि वादी स्वराचे महत्त्वही त्यांना जाणवले. परंतु रागामागच्या थाटाची जाणीव फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत उमटली. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी रूढ केलेली थाटाची कल्पना अशा रीतीने श्रोत्याच्या मनाच्या परीक्षेत उतरली. ह्यातून निघणारा धडा लेर्डाल ह्यांच्या बाजूचा आणि विरुद्धचाही आहे. बाजूचा अशासाठी की, वरच्या पायऱ्या दोन्ही परंपरांत एकच निघाल्या. तंबोऱ्याच्या तारा हेच सांगत असतात. विरुद्धचा अशासाठी की, खालच्या पायऱ्या परिचयाने येतात. म्हणजे श्रवणाचे व्याकरण हे जन्मतः मिळालेले नसून काही अंशी कमावलेले असते. जे कमावता येते ते वाढवताही येते. तेव्हा नव्या रचनेने श्रोत्याचे व्याकरण वाढवू नये काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे, कारण ती सिद्धान्ताचीच कसोटी सिद्धान्ताला लावते. सारी रचना एका आधारस्वरापासून निघून त्याच स्वराकडे परतते आणि श्रोत्याला ह्या दीर्घ प्रवासाची जाणीव असते, असे स्वरवाक्याच्या सांगाड्याची कल्पना गृहीत धरते. निकोलस कुक ह्यांनी १९८७ साली संगीताच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही रचना मूळ आधारस्वरावर आणि भलत्याच आधारस्वरावर अशा दोन प्रकारे संपवून त्यांना ऐकवल्या. मूळ आधारस्वरावरील समाप्तीची पसंती केवळ सर्वांत छोट्या, सुमारे मिनिटभराच्या रचनेत दिसली. दीर्घ रचनांत आपण घरी परतलो की परक्याच्या दारी आलो, ह्याचा विद्यार्थ्यांना पत्ता लागला नाही. मग बारास्वरी क्रम ऐकू येत नाही म्हणून तो श्रोत्यापुरता नाही असे म्हणावयाचे, तर दीर्घ पल्ल्याच्या आधारस्वराविषयीही तेच म्हणावे लागेल. लेर्डाल आणि क्रमहान्सल ह्यांनी २००७ साली बाख, शोपँ, वागनर आणि मेसियाँ ह्यांच्या संगीतातील ताण श्रोत्यांना कसा जाणवतो ह्याचे मापन प्रसिद्ध केले. सिद्धान्ताने वर्तवलेला ताण आणि श्रोत्यांनी नोंदवलेला ताण ह्यांचा मेळ तेथे बराच चांगला बसला. पण ते खंड लहान होते. दीर्घ घाटाचा प्रश्न त्याने सुटला, असे म्हणता येत नाही.

६

ह्या ठिकाणी रचनाकार लेर्डाल ह्यांच्याकडे वळणे अपरिहार्य होते. दीर्घ घाटाच्या ह्याच प्रश्नाचे उत्तर त्यांनी ग्रंथात न देता रचनेत दिले आहे, आणि तेही ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या पाच वर्षे आधी.

त्यांचे पहिले स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिने, व्हायोला आणि चेलो ह्यांसाठी केलेली रचना, १९७८ सालचे आहे. त्यात त्यांनी जो आकृतिबंध योजला त्याला सर्पिलाकार म्हणता येईल. आरंभी एक अगदी लहान, साधी आणि स्थिर स्वरघटना येते. ती संपते आणि पुन्हा सुरू होते, परंतु ह्या वेळी तिच्या दोन स्वरांच्या मध्ये काही नवे आलेले असते. तिसऱ्या वळशात त्या नव्याच्याही पोटात आणखी काही भरते. प्रत्येक वळसा आधीच्याहून लांब, अधिक भरलेला आणि अधिक ताणाचा होत जातो. पहिल्या वळशात एका श्वासात संपलेली गोष्ट पुढे दीर्घ प्रवास होऊन बसते. परंतु प्रवासाचे टप्पे तेच राहतात. हाच बंध १९८२ सालच्या दुसऱ्या आणि २००८ सालच्या तिसऱ्या क्वार्टेटमध्ये पुढे चालतो. पहिल्या दोहोंचे नंतर संस्करण करून तिन्हींची मिळून एक मालिका त्यांनी सिद्ध केली. तीस वर्षे एकच कल्पना वाढवीत नेण्याचा असा उद्योग अलीकडच्या संगीतात विरळाच.

ह्या आकृतिबंधाचे सिद्धान्ताशी असलेले नाते नीट पाहिले पाहिजे. ग्रंथात विवेचक भरलेल्या रचनेपासून सुरुवात करतो आणि अलंकार उतरवीत सांगाड्यापर्यंत जातो. क्वार्टेटमध्ये नेमका उलटा प्रवास आहे. रचनाकार श्रोत्यापुढे प्रथम सांगाडा ठेवतो आणि त्याच्या देखत त्यावर मांस चढवतो. ग्रंथातील श्रोत्याने जे नकळत, मनातल्या मनात करावे अशी अपेक्षा होती, ते येथे काळाच्या ओघात उघडपणे घडते. म्हणून श्रोत्याला दूरचा आधारस्वर स्मरणात धरून बसण्याची गरज उरत नाही. कुक ह्यांच्या प्रयोगाने ज्या स्मरणशक्तीविषयी शंका निर्माण केली तिच्यावर ही रचना विसंबतच नाही. ती ओळखीवर विसंबते. चौथ्या वळशातील एखादे दाट वाक्य ऐकताना, हे मी कोठे तरी अधिक साध्या रूपात भेटलो आहे, असे वाटते, आणि त्या साध्या रूपाची आठवण ताज्या वाक्याला आधार देते. दीर्घ घाट ऐकू येतो का, ह्या प्रश्नाला हे एका रचनाकाराचे उत्तर आहे : तो आपोआप ऐकू येत नाही, तो ऐकणे रचनेने शिकवावे लागते.

शिकवावे लागते, हा शब्द मुद्दाम योजला आहे. मागे आपण विचारले की, नव्या रचनेने श्रोत्याचे व्याकरण वाढवू नये काय. ही क्वार्टेटे ते वाढवतात. पहिल्या वळशात श्रोत्याजवळ ह्या रचनेचे असे कोणतेही व्याकरण नसते. शेवटच्या वळशापर्यंत ते तयार झालेले असते. येथे स्वरमेळ अभिजात युरोपीय नाही. कठोर विसंवादही पुष्कळ आहेत. तरी कोणता संघात स्थिर आणि कोणता त्याच्याकडे ओढ घेणारा, हे रचना स्वतःच पुनरुक्तीने निश्चित करीत जाते. १९८८ च्या निबंधात ही गोष्ट बंधन म्हणून आली. रचनेत ती निर्मितीची शक्ती म्हणून येते. सिद्धान्तकाराने रेखाटलेली मर्यादा रचनाकाराने ओलांडली नाही, पण ती मर्यादा सरकती आहे हे त्याने दाखवून दिले.

इतर रचनांत हा बंध निरनिराळ्या वेषांत दिसतो. १९८१ सालच्या 'वॉल्ट्झेस' मध्ये श्रोत्याच्या अंगवळणी पडलेले तीन मात्रांचे नृत्य आधाराला घेतले आहे. तेथे मात्रांचे व्याकरण आधीच घरचे असल्याने स्वरांना अधिक धीट होता येते. १९८८ सालच्या 'वेव्ह्ज' मध्ये लहान वाद्यवृंद अखंड वेगाने, लाटेमागून लाट अशा रीतीने वाहतो. २००० सालच्या 'टाइम आफ्टर टाइम' मध्ये बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो आणि आघातवाद्ये ह्यांचा छोटा मेळ आहे. शीर्षकातच पुनरागमनाची सूचना आहे. २०१० सालच्या 'आर्चेस' मध्ये एकट्या चेलोला वाद्यसमूहासमोर उभे केले आहे. सर्वांत लगेच भावणारी रचना 'वॉल्ट्झेस' आणि सर्वांत श्रेष्ठ सिद्धी तिसरे क्वार्टेट, असा प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय आहे. पहिलीत श्रोत्याच्या जुन्या व्याकरणाचा उपयोग आहे, दुसऱ्यात नव्या व्याकरणाची प्राप्ती.

दोष नाहीत असे नाही. वाढत्या वळशांच्या पद्धतीत पुढे काय होणार ह्याचा अंदाज काही वेळा फार लवकर येतो. अपेक्षा पूर्ण होते, पण धक्का बसत नाही. वळसे लांबत जातात तसे तपशील परस्परांत इतके मिसळतात की, मूळ टप्पे शोधण्याचे काम कानाकडून बुद्धीकडे जाऊ लागते. अशा वेळी ज्या संमिश्रतेची लेर्डाल प्रशंसा करतात ती गुंतागुंतीच्या सीमेवर येते. शिवाय संगीत ऐकताना आपण केवळ रचना उलगडत नाही. एखादा नाद केवळ नाद म्हणून मोहवतो, त्याला कोणत्याही उतरंडीत स्थान नसले तरी. बुलेझ ह्यांच्या त्या वादग्रस्त रचनेत ही मोहिनी विपुल आहे. लेर्डाल ह्यांच्या संगीतात ती अधूनमधून येते, पण घाटाच्या शिस्तीपुढे ती पुष्कळदा संकोचून उभी राहते.

७

पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम निवडीत लेर्डाल ह्यांच्या रचना तीनदा पोहोचल्या : २००१ साली 'टाइम आफ्टर टाइम', २०१० साली तिसरे क्वार्टेट, २०११ साली 'आर्चेस'. तिन्ही वेळा पारितोषिक इतरांस गेले. प्रारंभी ज्या दोन खात्यांचा उल्लेख केला, त्यांचे हे जणू बोधचिन्ह आहे. ग्रंथांनी त्यांना एका शाखेचे प्रवर्तक केले. रचनांनी त्यांना आदरणीय उमेदवार ठेवले. ह्याला काही अंशी ग्रंथच कारणीभूत असावेत. सिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाची रचना आपण संशयाने ऐकतो. तिच्यात कोठे तरी प्रमेय दडले असेल, असे वाटते. बॅबिट ह्यांच्या पिढीने श्रोत्याच्या मनात रुजवलेला हा संशय लेर्डाल ह्यांना भोगावा लागला. वस्तुतः त्या संशयाचे निराकरण हेच त्यांचे जीवितकार्य होते.

२०११ साली बर्कली येथे दिलेल्या व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ, 'कॉम्पोझिशन अँड कॉग्निशन', २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी रचना आणि सिद्धान्त ही दोन्ही खाती स्वतःच एकत्र आणली आणि रचनाकार म्हणून पडलेल्या प्रश्नांतून सिद्धान्त व सिद्धान्तातून रचनेच्या कल्पना कशा निघत गेल्या, ह्याचा मागोवा घेतला. ग्रंथातील विवेचनाशी सर्वत्र सहमत होण्याचे कारण नाही. परंतु विद्यापीठातील कलाविभागांनी त्यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. विशेषज्ञतेची दोन रूपे असतात. एक विशेषज्ञ म्हणतो, मला जे ठाऊक आहे ते तुम्हाला कळणार नाही. दुसरा म्हणतो, तुम्हाला जे नकळत कळते त्याचे ज्ञान मिळवणे हीच माझी विशेषज्ञता. विद्यापीठाने आसरा दोघांनाही द्यावा. पण पहिल्याने आसरा घेऊन दार लावून घेतले, दुसऱ्याने त्याच दारातून श्रोत्याला आत बोलावले. लेर्डाल दुसऱ्या पंथाचे आहेत. त्यांची सतरा बंधने उद्या अपुरी ठरतील, काही चुकीचीही ठरतील. मानवी आकलनाच्या शास्त्रात असे होणारच. त्यांच्या तीन क्वार्टेटांनी ऐकणाऱ्याशी केलेला करार मात्र त्या बंधनांवर अवलंबून नाही. जेथून आपण निघालो ती जागा प्रत्येक वळशावर पुन्हा दाखवीत, आणि प्रत्येक वेळी तिच्यात न दिसलेले काही उघड करीत, तो करार पाळला जातो. तो पाळला गेला की नाही, हे पाहण्यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. रचना ऐकली म्हणजे पुरे.